दुसऱ्यांदा दाबलेला अंगठा

आईचा अंगठा मशीनवर उमटत नाही, ही आमच्या घरातली जुनी रड. जन्मभर भातलावणी करून बोटं झिजलीत. रेशन दुकानात चार-चार वेळा पुसून दाबावं लागतं. त्यामुळं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात छत्री लावून बसलेला पोरगा "मावशी, आला नाही, परत दाबा" म्हणाला, तेव्हा तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मोफत विम्याचं कार्ड काढून देत होता. आधारची झेरॉक्स घेतली, खातं कुठल्या बँकेत ते विचारलं, कन्नडमधल्या एका फॉर्मवर शाईचाही अंगठा उठवून घेतला. मी दहा पावलांवर मिरच्यांचा भाव करत होतो.

कार्ड काही आलं नाही. तीन आठवड्यांनी पासबुक छापून आणलं, तर त्याच तारखेला १०,००० रुपये आधारवरून काढलेले. या व्यवहाराला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट, झालं काम. मेसेज गेला असेल तर खात्याला जोडलेल्या, कधीच बंद पडलेल्या नंबरवर. बँकेतले साहेब म्हणाले, "अंगठा तर तुमच्याच आईचा आहे की!" खोटं तरी कुठं होतं?

दोष ना बँकेचा ना आपला, अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर नुकसान ग्राहकावर पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. आम्ही तीन आठवडे घालवले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, पैसे अजून नाहीत.

मग वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा वाचला. माहिती मागणाऱ्यानं ती कशाला हवी हे सांगायचं, आणि ते राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचायला मिळालं पाहिजे. म्हणजे मराठीतही. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि ही कलमं लागू व्हायला तिथून पुढं १८ महिने. चोर कायदा बघून थोडाच थांबणार म्हणा. पण पाट्यांच्या भाषेवरून रस्त्यावर उतरणारे आपण, फॉर्मवर अंगठा देताना "यात काय लिहिलंय ते मराठीत सांग" एवढंही म्हणत नाही.

आता आईचे बायोमेट्रिक्स आधारच्या ॲपवरून लॉक केलेत. रेशनच्या दिवशी तेवढ्यापुरते उघडतो. परवा दुकानदार म्हणाला, "आज्जी, परत दाबा." तिनं हात मागं घेतला, पदराखाली झाकला आणि माझ्याकडं बघितलं.