पाच पंक्चर, खिळा एकही नाही

टायरची हवा दाखवणारं यंत्र बाइकला लावावं का, असं हल्ली बरेच जण विचारतात. मी लावलं होतं. त्याच्यापायी कसा बनलो ते सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

ऑनलाइन 1,900 रुपयांना घेतलं. व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून बसवायचे दोन सेन्सर, आत बटण सेल, हँडलवर छोटा डिस्प्ले. सकाळी 28 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असलेली हवा तासभर गाडी पळवली की 31 दिसायची. टायर तापला की हे व्हायचंच, पण मला केवढं कौतुक!

दुसऱ्या आठवड्यापासून मागचं चाक उतरायला लागलं. दर तीन-चार दिवसांनी पाच-सहा पीएसआय कमी. बारीक पंक्चर असेल म्हणून हवा मारत राहिलो. तेही सरळ नाही. छोट्या पान्याने नट सोडवा, सेन्सर काढा, हवा मारा, परत बसवा, आणि मागे रांगेतले लोक हॉर्न वाजवतायत.

नोव्हेंबरात बायकोला घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघालो. शिरवळ ओलांडलं आणि यंत्र ओरडायला लागलं. मागे 24. डबलसीटला 32 हवी. पुढे खंबाटकी घाट. दिसली ती पंक्चरची टपरी गाठली.

पोराने सेन्सर काढला, हवा मारली, चाक फिरवत साबणाचं पाणी लावलं. पूर्ण फेरा झाला, बुडबुडा नाही. मग म्हणाला, "दादा, ऊन लागतंय, ताईंना सावलीत न्या. चहा घ्या तोवर." गेलो. अर्धा कप संपायच्या आत हाक आली. बघतो तर पाच ठिकाणी फसफसतंय! "जुनी पंक्चरं हायती, खिळे पडून गेले." एकाचे 150, पाचांचे 750. मी कुरकुरलो तर म्हणतो, "पुढं घाट हाय, ताई मागं बसणार. बघा बाबा." ताईंचं नाव काढलं की नवरा गप्प होतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दिले पैसे.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी परत 26. गल्लीतल्या चाचांकडे गेलो. त्यांनी सेन्सर तसाच ठेवून व्हॉल्व्हवर साबणपाणी सोडलं. सेन्सरच्या बुडाशी बारीक फेस चढत गेला, भाताला उकळी येताना येतो तसा. आतला रबरी वॉशर एका बाजूला सरकला होता. सेन्सर बसवला की तो व्हॉल्व्हची सुई कायम दाबून धरतो, मग हवा अडवायला उरतो तेवढा वॉशर. साधी टोपी हरवली तरी सुई हवा धरते. इथे वॉशर हलला की संपलं. त्या पोराने सेन्सर काढून तपासलं, म्हणून त्याला काही सापडलं नाही. मग त्याने टोचा घेऊन सापडवलं.

चाचांनी टायर उतरवून आतून दाखवला. पंक्चरच्या भोकांत ठासलेल्या पाच रबरी पट्ट्यांची टोकं, दोन-दोनांत चार बोटं अंतर, सगळी भोकं एका मापाची. "खिळा असा मोजून घुसतो का?" एक भोक तर पार कडेला, जिथे पट्टी धरतच नाही. आठ महिन्यांचा टायर बाद झाला. यंत्र परत करायची मुदत केव्हाच टळली होती.

यंत्राने सांगितलेला आकडा खरा होता, हे मी मान्य करतो. हवा कुठून जाते ते मात्र त्याला सांगता येत नाही. हायवेवर खिळा घुसून हवा भराभर उतरली तर असलं यंत्र जीव वाचवेल. रोज लांब जाणाऱ्याने जरूर घ्यावं, पण आधी धातूचे व्हॉल्व्ह टाकून. रबरी व्हॉल्व्ह वेगात सेन्सरच्या वजनाने लवतो. ऑफिसला जाण्या-येण्यापुरती गाडी असेल तर हातातलं गेज घ्या आणि आठवड्यातून एकदा सकाळी, टायर थंड असताना, हवा बघा. यंत्र लावलंच असेल आणि ते ओरडलं, तर आधी सेन्सरच्या बुडाशी थुंकी लावून बघा. टोचा लावायच्या आधी पंक्चरवाल्याला खिळा नाहीतर बुडबुडा दाखवायला सांगा.

परवा पुढच्या चाकात खरंच खिळा घुसला. अनोळखी टपरी होती, त्यानेही चहाचं विचारलं. "आमचा झालाय," म्हणत बायको पदर खोचून चाकापाशी उकिडवी बसली.