दोघांत मिळून एकच फोल्डिंग सायकल : चौदा महिने वापरून झाल्यावर

सायकल घेऊन चौदा महिने झाले, आत्ता लिहितोय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं आणि तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर कुणी घेऊच नका म्हणालो असतो, त्यामुळे उशीर झाला ते एका अर्थी बरंच झालं.

आधी आमची परिस्थिती सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळते का बघता येईल. बायकोला पीएचडीला अ‍ॅडमिशन मिळाली आणि आम्ही दोघं नव्या शहरात आलो. तिची फेलोशिप, माझं घरून चालणारं थोडंफार काम, एक खोली आणि किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. डिपार्टमेंट साडेचार किलोमीटरवर. सकाळी बस मिळते पण प्रयोग कधी संपणार ते तिलाही माहीत नसतं आणि रात्री उशीर झाला की बसचा काही भरवसा नाही. म्हणून आल्या आल्या एक साधी मोठी सायकल घेतली होती, ती जिन्याखाली साखळीने बांधून ठेवायचो. पाचव्या आठवड्यात सकाळी खाली जाऊन बघतो तर मागचं चाक गायब, फ्रेम तशीच साखळीला अडकलेली. ती अर्धा तास पायरीवर बसून रडली. चाकाचं निमित्त झालं, महिनाभर मनात साठलेलं सगळं त्या दिवशी बाहेर आलं.

मग ठरवलं की सायकल घरात ठेवता येईल अशीच घ्यायची, आणि जागा आणि पैसे दोन्हींचा विचार करून एकच घ्यायची, दोघांना चालेल अशी. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे कारण माझी उंची पाच फूट दहा इंच आणि तिची पाच फूट एक. साध्या सायकलीत फ्रेमचा साइज असतो, जो एकाला नीट बसतो तो दुसऱ्याला अवघड होतो. फोल्डिंग सायकलची फ्रेम खाली असते आणि सीटचा दांडा भरपूर लांब, खटका उघडायचा, वरखाली करायचा, बंद करायचा, दहा सेकंदांचं काम. आमच्या मॉडेलमध्ये हँडलची उंचीही बदलते. पहिल्या आठवड्यात रोज अंदाजाने सीट लावायचो आणि रोज कुणाचा तरी गुडघा दुखायचा, मग एका रविवारी भिंतीला टेकवून नीट मोजलं. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, ती आपली उंची. तिच्या खुणेवर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली, माझ्या खुणेवर निळी. माझी खूण वर काढताना एक गोष्ट बघून घेतली, दांड्यावर कंपनीने कोरलेली रेघ असते, ती बाहेर दिसेल इतका दांडा कधीच वर काढायचा नाही, नाहीतर सीटचा दांडा किंवा फ्रेम तिथेच तुटू शकते. उंच माणसांनी घ्यायच्या आधी हे तपासाच.

आमची वीस इंची चाकांची, अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची, मागे सात गिअर. वजन साडेबारा किलो. घडी केल्यावर साधारण ८० सेंटिमीटर लांब, ६५ उंच आणि ४० रुंद होते, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सापटीत बसते. याहून लहान घडी हवी असेल तर सोळा इंची चाकांच्या येतात, लंडनची ब्रॉम्प्टन सगळ्यांना माहीत असते. तिचा डिझायनर अँड्र्यू रिची याने १९७० च्या दशकात पहिले नमुने स्वतःच्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये बनवले होते, समोर ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं म्हणून ते नाव. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण छोट्या जागेत राहणाऱ्या माणसालाच कळतं की घडी झाल्यावर काय बाहेर राहतं. ब्रॉम्प्टनमध्ये मागचं चाक खाली वळून येतं आणि चेन दोन चाकांच्या मध्ये लपते, आमच्या सायकलीत चेनचं ग्रीस बाहेरच राहतं. सुरुवातीला बायकोच्या दोन सलवारी आणि माझी एक पँट खराब झाली. आता घडी केली की जुन्या चादरीचं कव्हर चढवतो.

चालवायला कशी हे सगळे विचारतात. पहिले दोन दिवस भीती वाटते हे खरं सांगतो. चाक लहान, हँडल फार पटकन वळतं, एक हात सोडून इशारा करायला गेलं की सायकल डुलते. चार दिवसांत हाताला सवय होते. लहान चाक म्हणजे खूप पॅडल मारावं लागतं असं आम्हालाही वाटायचं, पण तसं नाहीये, कारण पुढचं चक्र मोठं दिलेलं असतं. आमच्यात पुढे ५२ दाते आहेत, मागे सगळ्यात मोठ्या चक्राला २८. चाकाचा घेर साधारण दीड मीटर, त्यामुळे सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेरीत पावणेतीन मीटर पुढे जाते, मागे १४ दाते ठेवले तर साडेपाच मीटर. साध्या सपाट रस्त्याला भरपूर झालं. सिग्नल सुटल्यावर उलट ही मोठ्या चाकाच्या सायकलीपेक्षा पटकन उचलते. खड्डे मात्र जाणवतात, अगदी मणक्यापर्यंत जाणवतात, लहान चाक खड्ड्यात जास्त खोल जातं त्याला इलाज नाही. रुंद टायर आणि थोडी कमी हवा एवढाच उपाय, पण टायरवर किमान किती हवा पाहिजे ते लिहिलेलं असतं त्याच्या खाली जाऊ नका, मी गेलो होतो आणि ट्यूब रिमखाली चेपून एकदम दोन भोकं पडली.

आता तिसऱ्या महिन्याची गोष्ट. आम्ही सायकल सेकंडहँड घेतली, ऑनलाइन जाहिरात बघून. विकणारा म्हणाला फार वापरलेली नाही. घडीच्या बिजागरीत बारीक खेळ, म्हणजे ढिलेपणा होता, तो आम्हाला ओळखता आला नाही. रस्त्यात टक टक आवाज यायचा, आम्ही समजायचो मडगार्ड वाजतंय. एका दुरुस्तीवाल्याने पक्कड लावून खटक्याचा बोल्ट इतका आवळला की आटेच गेले, आणि मग खटका बंद होईना. ती रात्री दहा वाजता डिपार्टमेंटमधून निघणार आणि सायकल मधोमध डुगडुगतेय, मला फोनवर म्हणाली, तू ये, मी हिच्यावर बसत नाही. गेलो, दोघं चालत आलो साडेचार किलोमीटर, सायकल हाताने ढकलत. त्या दिवशी मी ती विकायलाच काढली होती.

पुढे एक वयस्कर मिस्त्री भेटले, त्यांनी जे दाखवलं ते सगळ्यांना सांगतो कारण सेकंडहँड फोल्डिंग सायकल घेणाऱ्याला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. सायकल उभी करायची, खटका बंद करायचा, एका हाताचं बोट बिजागरीच्या फटीवर आडवं ठेवायचं, अर्धं फ्रेमच्या या भागावर अर्धं त्या भागावर, आणि दुसऱ्या हाताने पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवायची. बिजागरीत खेळ असेल तर बोटाला लगेच कळतो, डोळ्यांना दिसत नाही. हँडलच्या घडीलाही असंच बघायचं. त्यांनी माझं बोट धरून तिथे ठेवलं तेव्हा मुंगी चावावी इतकी बारीक हालचाल जाणवली, तेवढीच आवाज करत होती. बोल्ट बदलला, खटका असा लावला की बंद करताना तळहाताने नीट जोर द्यावा लागेल पण पूर्ण ताकद लावावी लागणार नाही. मग टॉर्च घेऊन बिजागरीजवळचे वेल्डिंगचे जोड बघितले, अ‍ॅल्युमिनियमला तिथे चीर गेली असेल तर म्हणाले सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नका. आमची चांगली होती. आता दर रविवारी बोटाची परीक्षा होते, दोन मिनिटं लागतात. सेकंडहँड घेताना खाली पॅडलच्या जोडापाशी कोरलेला नंबर खोडलेला नाही ना तेही बघा, आपलं चाक चोरीला गेल्यावर दुसऱ्याची चोरीची सायकल आपल्या घरात यावी असं कुणाला वाटेल.

टायरचाही एक घोळ आहे. वीस इंची म्हणून मी टायर मागवला तो बसेचना. वीस इंचाचे दोन वेगळे साइज असतात. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४७-४०६ असं काहीतरी असतं, पहिला आकडा रुंदी आणि दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बहुतेक फोल्डिंग सायकलींना ४०६ लागतो, काही पातळ टायरवाल्यांना ४५१. इंच विसरा, हा आकडा बघून मागवा. आणि एक ट्यूब घरात ठेवाच, कारण जवळपासच्या दुकानांत मोठ्या चाकांच्या ट्यूब मिळतात, ही ऐनवेळी मिळत नाही.

तिसरा मजला हा त्रास आहेच. साडेबारा किलो म्हणजे एकदा चढवायला काही नाही पण रोज, पाठीवर लॅपटॉप, हातात सामान असताना जड होतं. ती पहिल्या मजल्यावर थांबते, मी खाली येऊन उचलतो. एकटं राहणाऱ्याने आणि लिफ्ट नसणाऱ्याने आधी कुणाची तरी मागून दोन दिवस जिना चढून बघावं.

एवढं सगळं असून मी पाचपैकी साडेचार देतोय, त्याचं कारण वेगळं आहे. नव्या शहरात ज्याची अ‍ॅडमिशन असते त्याला रोज जायला एक जागा असते, लॅब असते, गाइड असतात, चार जण ओळखीचे होतात. सोबत आलेल्याला यातलं काहीच नसतं. मी पहिले दोन महिने खोलीतून फारसा बाहेरच पडलो नाही, कुठे जायचं हेच माहीत नव्हतं, आणि ती रात्री दमून आली की मी दिवसभराचं बोलणं तिच्यावर ओतायचो आणि तिला ते झेपायचं नाही, त्यावरून भांडणंही झाली. सायकल आल्यावर ठरलं असं की सकाळी ती बसने जाणार, दिवसभर सायकल माझ्याकडे, संध्याकाळी सहाला मी ती डिपार्टमेंटला नेऊन देणार आणि बसने परत येणार, रात्री ती सायकलने येणार. म्हणजे मला रोज घराबाहेर पडणं भागच होतं. हळूहळू मी दुपारीच निघायला लागलो, रोज एक नवीन रस्ता. हरवायची भीती गेली कारण दमलो, पाऊस आला, रस्ता चुकला तरी घडी करायची, कव्हर घालायचं आणि दिसेल त्या बसमध्ये चढायचं. तुमच्याकडे बसमध्ये चालते का ते आधी विचारून ठेवा, आणि गर्दीच्या वेळी नेऊ नका, लोकांच्या पायांना लागते. साध्या सायकलीने मी एवढ्या लांब कधीच गेलो नसतो कारण जितकं गेलो तितकं परत चालवत यावंच लागलं असतं. लायब्ररी सापडली ती अशीच, आता आठवड्यातले तीन दिवस मी तिथे बसून काम करतो, तिथल्या दोघातिघांशी ओळख झालीये.

आणि संध्याकाळची ती सहाची भेट. डिपार्टमेंटच्या गेटवर दहा मिनिटं. मी निळ्या टेपवरून सीट लाल टेपवर उतरवतो, ती हेल्मेट अडकवते, मागचा लाल दिवा लागतोय ना बघते, तेवढ्या वेळात ती सांगते आज सॅम्पल बिघडलं की चांगलं आलं, मी सांगतो आज कुठे गेलो. दिवसाच्या मधे ती अजून दमलेली नसते आणि मीही दिवसभर बोलायचं साठवून बसलेला नसतो. रात्रीची भांडणं बरीच कमी झाली. परवा दुसरी सायकल घ्यायचा विषय निघाला, आता तेवढे पैसे जमलेत. ती म्हणाली मग तू सहाला कशाला येशील. विषय तिथेच राहिला.

सध्याचं काम म्हणजे चेन बदलायची आहे. चेनच्या बारा पूर्ण कड्या नवीन असताना बरोबर बारा इंच भरतात, आमच्या एक अष्टमांश इंच जास्त भरल्या, म्हणजे चांगलीच ताणलीये, याच्या निम्म्यावर असतानाच बदलायला हवी होती. आता मागची चक्रंही झिजली असतील तर नवी चेन त्यांच्यावर घसरेल, मग तीही बदलावी लागतील. शनिवारी त्याच मिस्त्रींकडे नेणार आहोत, दोघं जाऊ.