जेगर-लकूल्त्रची रिव्हर्सो : आधी पालथी करून बघा

रिव्हर्सो हे जेगर-लकूल्त्र ह्या स्विस कंपनीचं मनगटी घड्याळ; ते बघायला जाल तेव्हा आधी डायलवर अडकू नका, घड्याळ उलटं करायला सांगा. केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी, बोटाने आडवी ढकलली की रुळावर सरकते, गर्रकन फिरते आणि परत आत बसताना टक् असा एकदम टाइट आवाज येतो, कुठे जरासुद्धा खेळ नाही. नुसत्या केसमध्येच ५० च्या वर पार्ट आहेत, आणि ते हातात घेतल्यावर पटतं.

हा खटाटोप १९३१ चा. भारतातले ब्रिटिश ऑफिसर पोलो खेळायचे, त्यात घड्याळाच्या काचा फुटायच्या, म्हणून सेझार द त्रे नावाच्या व्यापाऱ्याने विषय लावून धरला आणि रने-आल्फ्रेड शोवो ह्या इंजिनियरने फिरत्या केसचं पेटंट केलं. काच आत, धातू बाहेर, काय लागायचं ते धातूला लागू दे. लकूल्त्रचं वर्कशॉप तसं १८३३ पासूनचं, स्वित्झर्लंडमधल्या ल सांतिए गावातलं, पण पहिल्या रिव्हर्सोंमधलं मशीन मात्र तावान ह्या दुसऱ्या कंपनीचं होतं. मला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण खरी करामत केसचीच आहे.

आणि त्या कोऱ्या पाठीमुळेच कला आली ना! लोकांनी तिथे नावाची अक्षरं, घराण्याची चिन्हं कोरून घेतली, मग एनॅमलची चित्रं आली. २०१८ मध्ये तर होकुसाई ह्या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट पाठीवर काढली. मूळ चित्र जवळपास ३८ सेंटिमीटर रुंदीचं छापचित्र, आणि इथे जागा टपाल तिकिटाएवढी, तरी लाटेच्या टोकाचा फेस, होड्या, मागचा फुजी डोंगर सगळं ब्रशने काढलेलं. एनॅमल म्हणजे काचेची रंगीत पूड, थर लावायचा, ८०० डिग्रीच्या आसपास भाजायचं, परत थर, परत भट्टी, आणि शेवटच्या भाजणीत तडा गेला तर सगळी मेहनत पाण्यात. असली कामं कंपनी स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये करते, ह्याचं मला प्रचंड कौतुक आहे.

पण एक गोष्ट खटकतेच, जी बाजू मार खायला बनवली तिथेच आता सगळ्यात नाजूक काम ठेवलंय! म्हणून रोज घालायचं तर माझं मत सरळ आहे, साधी स्टीलची पाठ घ्या, अक्षरं कोरून घ्या, ओरखडे पडले तरी ते शोभतात. एनॅमलवाली कुठे बघायला मिळाली तर लेन्स घेऊन बघा, सोडू नका.

वापरायला त्रास म्हणाल तर हाताने चावी द्यावी लागते, आतलं ८२२ नंबरचं मशीन फुल चावीवर ४२ तास चालतं, आणि ३० मीटर पाण्यापर्यंत चालेल असं लिहिलेलं असलं तरी पोहायला वगैरे अजिबात घालू नका. डायल मात्र अप्रतिम आहे, वर-खाली तीन-तीन रेघा, सरळ आर्ट डेको, म्हणजे १९२०-३० च्या काळातली रेखीव भौमितिक शैली, आणि मनगट बारीक असेल तर गोल घड्याळापेक्षा हीच जास्त छान बसते.