कोळीगीतांचा पेनड्राइव्ह: मोसमभर खानावळीत वाजवल्यावर

आत कुठली गाणी आहेत ते सगळ्यांना पाठ आहे, यादी देत नाही. दिवाळीच्या गर्दीआधी मालवणच्या बाजारातून २५० रुपयांना घेतला. परवा ऐन गाण्यात अडकला, म्हणून हे लिहितोय.

खरी खोड आवाजाची. जुनं गाणं हळू आणि त्याच्या पाठीवर रिमिक्स आलं की ढोलकी थेट कानाखाली! एका हातात सोलकढीचा तांब्या, दुसरा कायम बटणावर. गाणी एका पातळीला आणायला बनवणाऱ्याचे कितीसे कष्ट पडले असते? मुंबईचं एक गिऱ्हाईक दचकलं आणि सुरमईची तुकडी ताटाबाहेर. दुसरी मला द्यावी लागली, फुकट.

मोसम चालू असताना वाटायचं, जुनी काढूनच टाकावीत. 'मी डोलकर'मधला हेमंतकुमारांचा खर्ज आमचा एक्झॉस्ट फॅन गिळतो. वर्सोव्याच्या वेसावकर मंडळींचा, म्हणजे कोळीगीतं गाणाऱ्या ग्रुपचा, कोरस मात्र भांड्यांच्या खणखणाटातही उभा राहतो.

मग १ जूनला मासेमारी बंदी लागली, गिऱ्हाईक आटलं, पंखा बंद. तेव्हा 'मी डोलकर' नीट ऐकलं आणि मत फिरलं. शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाई. आणि हेमंतकुमार बंगाली असून थेट नाखवाच वाटतात. रिमिक्समध्ये गाणं कुठलंही असो, ठेका तोच. दोन महिने ऐकून वीट आला.

अजून एक. 'डोलकर'मधला डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून बांधलेलं जाळं, मुंबई-रायगडकडचं, बोंबील-जवळ्याचं. आमच्याकडे रापण: किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतात, बांगडा-तारली येते. रापणकरांवर अख्ख्या संग्रहात एक गाणं नाही, आणि वेष्टनावर फोटो कुठला? सिंधुदुर्ग किल्ल्याचा!

बदलून मागायला गेलो तर दुकानदार म्हणतो, "माल वरसूनच असो येता." नवा घेतलास तर ५० कमी करतो म्हणाला. नको रे बाबा.

अडकणारं एक गाणं सोडून बाकीची पुतण्याने दोन फोल्डरांत टाकून दिलीत. दुपारी वेसावकर, भांडी घासून झाली की जुनी. बटणाला आता हात लावावा लागत नाही. कुणाला घ्यायचाच असेल तर दुकानातच एक जुनं आणि एक रिमिक्स लागोपाठ लावून बघा, आणि घासाघीस १५० पासून सुरू करा.