मांजरांच्या कच्च्या आहारासाठी पेठेतले चिकनचे दुकान

मांजरांसाठी घरी कच्चा आहार तयार करणाऱ्यांना पुण्यातील आमच्या पेठेतले हे दुकान मी मनापासून सुचवेन, कारण येथे कोंबडीची मान हाडांसकट बारीक दळून मिळते, त्यामुळे कॅल्शियमची सोय होते, आणि कलेजी व हृदय वेगळे बांधून देतात. हृदयात टॉरिन हे मांजरांना आवश्यक पोषकद्रव्य भरपूर असते. त्याच्या कमतरतेने मांजराच्या हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ साली संशोधनातून सिद्ध झाले आहे. कलेजी मात्र पाच टक्क्यांच्या आसपासच ठेवावी, अन्यथा अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. गर्दीच्या वेळी खिमायंत्र नीट धुतले जात नाही, ही गंभीर उणीव आहे. गोठवूनही साल्मोनेला हे रोगकारक जिवाणू खात्रीने मरत नसल्याने दुकान उघडताच जावे आणि पशुवैद्यांचा सल्ला आधीच घ्यावा.