मेक्सिको सिटीहून तेओतिवाकान : सहल विकत घेण्यापूर्वी

अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणारी अनेक मराठी कुटुंबे अलीकडे जोडून आलेल्या सुट्ट्यांना मेक्सिको सिटी गाठतात. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, ह्यूस्टनहून विमानाने अडीच तासांच्या आत पोहोचता येते, आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना आणखी एक देश दाखवल्याचे समाधानही मिळते. या पाहुण्यांच्या यादीत तेओतिवाकानचे पिरॅमिड हमखास असतात. शहराच्या ईशान्येला साधारण ५० किलोमीटरवर असलेले हे प्राचीन नगर १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि तेथे नेणाऱ्या एका दिवसाच्या सहली शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर विकल्या जातात. त्यांतल्याच एका सहलीत आमची जी फसवणूक झाली, ती येथे सविस्तर लिहीत आहे. या प्रकारात कोणी पाकीट मारत नाही, कोणी दमदाटी करत नाही. सहल होते, पिरॅमिडही दिसतात, त्यामुळे परतलेल्या बहुतेकांना आपल्याला लुबाडले गेले हे जाणवतही नाही.

सोकालो या शहराच्या मध्यवर्ती चौकाजवळच्या एका गजबजलेल्या रस्त्यावर एका सहल-कंपनीचे छोटे कार्यालय होते. काउंटरवरच्या रंगीत पत्रकात परवानाधारक इंग्रजी मार्गदर्शक, प्रवेशशुल्क, दुपारचे शाकाहारी जेवण, हॉटेलपासून ने-आण आणि पुरातत्त्वस्थळी पूर्ण चार तास, असे सर्व छापलेले होते. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे चार तास मिळतील ना, असे मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा ठाम होकार मिळाला. पैसे भरल्यावर हाती आलेल्या पावतीवर मात्र तारीख, माणशी रक्कम आणि 'ग्वादालूपे व तेओतिवाकान' एवढेच लिहिलेले होते. पत्रक काउंटरवरच राहिले, आणि पुढे वादाची वेळ आली तेव्हा आमच्या हातात फक्त ती पावती होती.

ठरलेल्या वेळेनंतर बऱ्याच उशिराने गाडी आली. तिने आम्हाला एका मोठ्या हॉटेलच्या दारात नेऊन दुसऱ्याच गाडीत बसवले. तेथे आणखी चार-पाच ठिकाणांहून आणलेले प्रवासी होते आणि प्रत्येकाने वेगळ्या कंपनीकडे वेगळी रक्कम भरली होती. आम्हाला सहल विकणाऱ्या कंपनीचा त्या गाडीशी संबंध इतकाच, की तिने आमची माणसे मोजून दुसऱ्याच्या हवाली केली होती. मार्गदर्शकाच्या गळ्यात ओळखपत्र नव्हते. विचारल्यावर त्याने ते गाडीत विसरल्याचे हसत सांगितले. आम्ही तेव्हा गाडीतच बसलेलो होतो, हे त्याच्या लक्षात आले नसावे.

पहिला थांबा त्लातेलोल्कोचा, म्हणजे तीन संस्कृतींच्या चौकाचा. अॅझ्टेक काळातील अवशेष, स्पॅनिश चर्च आणि आधुनिक इमारती तेथे शेजारीशेजारी उभ्या आहेत, आणि १९६८ साली विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबारामुळे त्या जागेला मेक्सिकोच्या आधुनिक इतिहासात फार मोठे स्थान आहे. आमच्या वाट्याला तेथे छायाचित्रे काढण्यापुरता वेळ आला आणि गोळीबाराचा उल्लेखही झाला नाही. नंतर ग्वादालूपेची बॅसिलिका, म्हणजे मेरीमातेचे मोठे तीर्थस्थान. पेद्रो रामिरेस वास्केस या वास्तुविशारदाने उभारलेल्या आणि १९७६ मध्ये खुल्या झालेल्या नव्या मंदिरात मातेच्या चित्राखाली सरकते पट्टे बसवले आहेत. भाविक त्यांवर उभे राहून वर पाहत पुढे जातात, त्यामुळे चित्रासमोर गर्दी तुंबत नाही. पंढरपूरच्या रांगेची सवय असलेल्या माझ्या सासऱ्यांना ही व्यवस्था इतकी आवडली की ते पुन्हा एकदा फिरून आले. त्यांना तेवढाच वेळ मिळाला, कारण उरलेला सगळा वेळ मार्गदर्शकाने बाहेरच्या एका धार्मिक वस्तूंच्या दुकानात आम्हाला बसवून ठेवण्यासाठी राखला होता.

खरा डाव तेओतिवाकानच्या अलीकडे होता. मुख्य रस्ता सोडून गाडी एका आवारात शिरली. मार्गदर्शकाने ती 'कारागिरांची सहकारी संस्था' असल्याचे आणि थांबा 'सांस्कृतिक कार्यक्रमाचा' भाग असल्याचे सांगितले. तेथील प्रात्यक्षिक उत्तम होते, हे मान्य केले पाहिजे. एका बाईने माग्वेय, म्हणजे घायपाताच्या कुळातल्या वनस्पतीच्या जाड पानावरून नखाने पारदर्शक पापुद्रा सोलून दाखवला. जुन्या काळी त्यावर लिहीत, असे तिने सांगितले. मग तिने पानाच्या टोकाचा काळा काटा वाकवून ओढला, तेव्हा त्याच्या मागोमाग लांब धागे निघून आले आणि सुईदोरा आयता तयार झाला. पुढे ऑब्सिडियनची, ज्वालामुखीतून तयार होणाऱ्या काचेची, घासून गुळगुळीत केलेली काळी चकती तिने उन्हात तिरपी धरली, आणि आत सोनेरी झाक उजळली. तेओतिवाकानचे वैभव ज्या व्यापारांवर उभे होते त्यांत या काचेचा वाटा मोठा होता, आणि हिरवट सोनेरी जातीची काच पाचूका शहराच्या परिसरातील डोंगरांतून येत असे. प्रात्यक्षिक पंधरा मिनिटांत आटोपले. त्यानंतर आम्ही त्या आवारात दीड तासाहून अधिक काळ होतो, कारण गाडीला कुलूप होते आणि चालक जेवायला गेला होता.

त्या दीड तासात तीन प्रकार घडले, आणि तिन्ही लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला किमतीच्या चिठ्ठ्यांचा. मेक्सिकोत पेसोसाठी तीच खूण वापरतात जी आपण डॉलरची म्हणून ओळखतो. ऑब्सिडियनच्या छोट्या कासवावर ती खूण आणि पुढे ४० असा आकडा होता, आणि त्या आकाराच्या वस्तूला ४० पेसो ही किंमत वावगी वाटत नव्हती. गल्ल्यावर मात्र ते ४० अमेरिकन डॉलर झाले. मेक्सिकोच्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार किंमत राष्ट्रीय चलनात दाखवणे बंधनकारक आहे, म्हणून चिठ्ठीवर किंवा फलकावर 'एम. एन.', म्हणजे राष्ट्रीय चलन, ही अक्षरे आहेत का ते पाहावे आणि नसतील तर आकडा व चलन दोन्ही तोंडी विचारून घ्यावेत. कार्डाच्या यंत्रावरही हाच खेळ होतो. पडद्यावर पेसो आणि डॉलर असे दोन पर्याय येतात आणि विक्रेता ग्राहकाच्या सोयीच्या नावाखाली स्वतःच डॉलरचे बटण दाबतो. तेथे लावलेला विनिमयदर यंत्रामागच्या कंपनीचा असतो आणि तो बहुधा आपल्या बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. यंत्र आपल्या हातात घेऊन पेसो निवडावा.

दुसरा प्रकार चांदीचा. सासूबाईंनी घेतलेले सूर्याच्या आकाराचे पदक 'अस्सल मेक्सिकन चांदी' म्हणून विकले गेले. ह्यूस्टनमधील सराफाने ते हातात घेताच जर्मन सिल्व्हर असल्याचे सांगितले. तांबे, निकेल आणि जस्ताच्या या मिश्रधातूला तिकडे अल्पाका म्हणतात आणि त्यात चांदीचा अंशही नसतो. खऱ्या चांदीच्या दागिन्यावर ९२५ हा ठसा असतो. पदकाच्या मागे 'मेक्सिको' एवढेच कोरलेले होते, आणि बिलावर चांदी हा शब्दच नव्हता, 'हस्तकलेची वस्तू' असे लिहिलेले होते. तिसरा प्रकार टकीलाचा. चव घ्यायला छोट्या पेल्यांत गोड, रंगीत पेये फिरवली गेली आणि मग सुंदर नक्षीच्या बाटल्या पुढे आल्या. टकीला हे नाव निळ्या अगेव्हपासून, म्हणजे माग्वेयच्याच कुळातल्या वनस्पतीपासून, ठरावीक प्रदेशातच बनवलेल्या मद्याला वापरता येते, आणि अस्सल बाटलीवर 'नॉम' या अक्षरांपुढे उत्पादकाचा क्रमांक छापलेला असतो. आमच्या एका सहप्रवाशाने टकीलाच्या भावाने घेतलेल्या बाटलीवर तो क्रमांक नव्हता. लेबलावर बारीक अक्षरांत 'अगेव्हचे लिकर' असे होते.

गल्ल्यावर उभे असताना प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात पेनाने एकच आकडा लिहिला जात असलेला दिसला. तो आमच्या गाडीचा क्रमांक होता. त्या दिवसाचा सगळा हिशेब तेथे उलगडला. कमी दरात विकलेल्या सहलीची भरपाई दुकानाच्या कमिशनमधून होते, मार्गदर्शक आणि चालक यांची खरी कमाई त्या गल्ल्यावर असते, आणि म्हणून त्यांच्या दृष्टीने पिरॅमिडजवळ घालवलेला प्रत्येक तास हा बुडालेला तास असतो. ज्याला एखादे दुकान पाहायचे असेल त्याने जरूर पाहावे, कारागिरांच्या पोटाचा प्रश्न आहेच. पण प्राचीन नगर दाखवण्याचे पैसे घेऊन माणसांना कुलूपबंद गाडीच्या भरवशावर दुकानात अडकवणे, याला व्यापार म्हणता येत नाही.

आम्ही स्थळी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. स्थळ संध्याकाळी ५ वाजता बंद होते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर दुपारचे ऊन चटके देते, सावली जवळपास नाही, आणि पावसाळ्यात नेमक्या दुपारनंतर सरी येतात. त्यामुळे जाणती माणसे तेथे सकाळी दार उघडताच जातात. प्रवेशद्वारावर कळले की आमच्या रकमेत तिकीट धरलेलेच नाही. ते पुन्हा रोखीने काढावे लागले. मार्गदर्शकाने आतील ओट्यावर उभे राहून दहा-बारा मिनिटे माहिती दिली, दीड तासाने दुसऱ्या दारापाशी भेटू असे सांगितले आणि तो निघून गेला.

त्या दहा-बारा मिनिटांतही त्याने हे नगर अॅझ्टेकांनी बांधल्याचे सांगितले. शाळकरी पुस्तकातही ही चूक आढळणार नाही. तेओतिवाकान इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत भरभराटीला आले, एक लाखाहून अधिक वस्तीचे झाले आणि त्याचा ऱ्हास झाल्यावर कित्येक शतकांनी अॅझ्टेक त्या खोऱ्यात आले. त्यांची राजधानी तेनोच्तित्लान परंपरेनुसार १३२५ मधली. पडलेले नगर पाहून त्यांनी त्याला देवांशी जोडलेले नाव दिले, आणि मूळ रहिवासी त्याला काय म्हणत ते अज्ञातच राहिले. आम्हाला ३ क्रमांकाच्या दाराशी, चंद्राच्या पिरॅमिडकडे सोडले होते आणि सूर्याच्या पिरॅमिडसमोरच्या २ क्रमांकाच्या दाराशी गोळा करणार होते. नकाशा पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल की त्यामुळे १ क्रमांकाच्या दाराजवळचा सिउदादेला हा बंदिस्त चौक आणि त्यातील पिसे असलेल्या नागदेवतेचे मंदिर, म्हणजे तेथील सर्वांत देखणे दगडी शिल्पकाम, पूर्णपणे राहून गेले. त्याच मंदिराखाली २००३ मध्ये पुरातत्त्वज्ञांना बोगदा सापडला होता, आणि माझ्या सासऱ्यांनी येण्यापूर्वी त्याविषयी वाचून ठेवले होते. तेपान्तित्ला या प्राचीन वाड्यातील भित्तिचित्रेही राहिली.

मेक्सिकोत पर्यटन-मार्गदर्शकाला पर्यटन खात्याचे छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते. त्यावर त्याला परवानगी असलेल्या भाषा आणि मुदत लिहिलेली असते, आणि ते दिसेल असे लावणे अपेक्षित असते. सहल विकणाऱ्या व्यवसायाची नोंद राष्ट्रीय पर्यटन नोंदवहीत असते. तो क्रमांक मागितल्यावर जो विषय बदलतो त्याच्याकडून उठून यावे. पैसे देण्यापूर्वी पावतीवरच स्थळी पोहोचण्याची वेळ, तेथील तास, तिकीट धरले आहे की नाही, मार्गदर्शक आत सोबत चालणार की नाही आणि दुकानांचे थांबे किती, हे लिहवून घ्यावे आणि पत्रकाचे छायाचित्र काढून ठेवावे. मुळात या सहलीची गरजही सर्वांना नाही. शहराच्या उत्तरेच्या बस स्थानकावरून, जेथे मेट्रोच्या ५ क्रमांकाच्या मार्गिकेने जाता येते, पिरॅमिडकडे जाणाऱ्या बस दिवसभर सुटतात. सुमारे तासाभरात त्या पोहोचवतात. बसमध्ये चढताना ती 'पिरामिदेस'ला, म्हणजे स्थळाच्या दारापर्यंत जाते ना, एवढे विचारून घ्यावे, आणि परतीची शेवटची बस कधी आहे हेही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या व्यक्तीने गाडी आपली नसल्याचे सांगून हात वर केले. प्रोफेको, म्हणजे मेक्सिकोची ग्राहक संरक्षण यंत्रणा, परदेशी पर्यटकाचीही तक्रार घेते. तिचे नाव घेऊन पावतीची आणि गाडीच्या क्रमांकाची छायाचित्रे पुढे ठेवल्यावर सूर बदलला आणि प्रवेशतिकिटांचे पैसे रोख परत मिळाले. कासवाच्या डॉलरचा वाद मी कार्डाच्या बँकेकडे नेला. किमतीच्या चिठ्ठीचे छायाचित्र सोबत जोडलेले असल्यामुळे फरकाची रक्कम खात्यात जमा झाली. पदकाचे पैसे मात्र परत आले नाहीत, कारण बिलावर लिहिल्याप्रमाणे आम्ही हस्तकलेची वस्तू विकत घेतली होती आणि ती आम्हाला मिळालेली होती.