स्पेक्ट्रमच्या कॅसेटी: टॅप ठेवावी की टीझेडएक्स?

झेडएक्स स्पेक्ट्रमच्या जुन्या कॅसेटी उतरवून एम्युलेटरवर (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालवायच्या, तर आधी फाइलचा प्रकार ठरवावा लागतो: टॅप (.tap) की टीझेडएक्स (.tzx). १९८२ साली ब्रिटनमध्ये आलेला हा कॉम्प्युटर पुण्याच्या डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने भारतातही विकला होता, त्यामुळे अशा कॅसेटी आपल्याकडच्या माळ्यांवरही निघू शकतात. माझं मत आधीच सांगतो: जपायची प्रत टीझेडएक्सच असावी, रोज चालवायला टॅप पुरते.

स्पेक्ट्रमच्या रॉममधला (कॉम्प्युटरमध्ये कायम बसवलेल्या प्रोग्रॅममधला) ‘सेव्ह’ प्रत्येक बिट कॅसेटवर दोन पल्समध्ये, म्हणजे सिग्नलच्या दोन छोट्या टप्प्यांत, लिहितो. शून्य असेल तर ८५५ टी-स्टेटचे, एक असेल तर १७१० चे. टी-स्टेट म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका, सेकंदाला ३५ लाख. टॅप फाइल ही मापं गृहीत धरते आणि फक्त बाइट ठेवते. हेक्स एडिटरमध्ये (बाइट सोळाच्या पायाच्या आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडून पाहा, सुरुवातीला बहुधा ‘१३ ०० ००’ दिसेल. हेक्समधले १३ म्हणजे १९, ही पहिल्या ब्लॉकची (सलग तुकड्याची) लांबी: एक बाइट ब्लॉकचा प्रकार सांगणारा, १७ बाइटांचं हेडर आणि शेवटी चेकसम (बाइट बरोबर आलेत का ते ताडणारा). हाच ब्लॉक टीझेडएक्समध्ये फक्त तीन बाइटांनी वाढतो. एका बाइटात ‘हा साधा ब्लॉक’ अशी खूण आणि दोन बाइटांत पुढच्या शांततेचे मिलिसेकंद. म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेले बेसिक प्रोग्रॅम साध्या ‘सेव्ह’ने ठेवले असतील, तर टॅपमध्ये काहीही हरवत नाही.

प्रश्न येतो विकत घेतलेल्या गेम्सचा. कॉपी करता येऊ नये म्हणून स्पीडलॉक, अल्काट्राझ असे लोडर (कॅसेटवरून गेम मेमरीत आणणारे खास प्रोग्रॅम) वापरले जायचे. त्यांचे पल्स वेगळ्या लांबीचे, डेटाआधी वाजणारा सुरुवातीचा सूरही वेगळा. ही मापं लिहायला टॅपमध्ये जागाच नाही. टीझेडएक्समध्ये टर्बो (वेगळ्या मापांचा) ब्लॉक आहे, नुसत्या सुराचा आहे, सुट्या पल्सच्या मालिकेचा आहे, आणि काहीच जमलं नाही तर आवाजाचे थेट नमुने साठवणाराही आहे.

म्हणून रूपांतराची दिशा महत्त्वाची. फ्यूज एम्युलेटरसोबतच्या साधनांतलं टेपकॉन्व दोन्हीकडे नेतं. टॅपवरून टीझेडएक्स केली तर नुकसान नाही, पण नवं काही मिळतही नाही. उलट दिशेने टर्बो ब्लॉकची मापं जातात आणि मग पुन्हा टीझेडएक्स केली तरी परत येत नाहीत. कुणाकडून फाइल मिळाली तर नावावर जाऊ नका, ब्लॉकची यादी काढून बघा. गेम स्पीडलॉकचा आणि यादीत सगळे ब्लॉक साधे, तर ती मूळ कॅसेटची प्रत नाही.

कॅसेटचं मूळ रेकॉर्डिंग असलेली वेव्ह फाइल जागा खाते: सेकंदाला ४४,१०० नमुने, ८ बिट, मोनो अशा पाच मिनिटांना सुमारे १३ एमबी. तरीही टीझेडएक्स शेवटपर्यंत लोड होऊन चालेपर्यंत ती पुसू नका. रेकॉर्ड करताना डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवा, एमपीथ्री टाळा, आणि आवाज दबका आला तर प्लेअरच्या हेडचा कोन जुळवून घ्या. चेकसमवर पूर्ण भिस्तही नको. तो साधा एक्सॉर (सगळ्या बाइटांची हातचा न घेता केलेली बिटनिहाय बेरीज) असतो, त्यामुळे दोन बाइटांत एकाच जागेचा बिट उलटला तर चुका एकमेकींना झाकतात आणि ‘टेप लोडिंग एरर’ येतच नाही. दोनदा रेकॉर्ड करून बाइट ताडून पाहणं हाच खात्रीचा मार्ग.

स्नॅपशॉटचा (चालू गेमच्या मेमरीच्या प्रतीचा) विचार जपणुकीसाठी करूच नका. ४८के स्पेक्ट्रमची एसएनए (स्नॅपशॉटचा एक प्रकार) फाइल कोणत्याही गेमची असो, ४९,१७९ बाइटांचीच. तिच्यात त्या क्षणीची मेमरी असते, टेप नसते.

टॅपची खरी सोय वेगात आहे. रॉमचं लोडिंग एम्युलेटर मध्येच पकडून बाइट थेट मेमरीत टाकतो, त्यामुळे कॅसेटवर जवळपास पाच मिनिटं खाणारा प्रोग्रॅम क्षणात उभा राहतो.

टीझेडएक्स करताना माहितीचा ब्लॉकही भरा: गेमचं नाव, प्रकाशक, साल, कॅसेटची बाजू. वेष्टनावरची शाई उडायच्या आत हे लिहून घ्या.